पिण्याचे पाणी आणि काठावरचा गळ : सोलापूरच्या जलाशयांतील मासेमारीचा पूर्वेतिहास

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. सोलापूर परिसरात जे जे मोठे पाणी दिसते, मग ते शहराच्या मध्यावरचे सिद्धेश्वर तळे असो, तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव असो किंवा भीमेवरचा उजनीचा अफाट जलाशय असो, ते कोणीतरी बांध घालून अडवलेले पाणी आहे, आणि ज्याने बांध घातला त्याने त्या पाण्याचा उपयोगही बहुधा आधीच ठरवलेला होता. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. भीमा आणि सीना वगळता बहुतेक प्रवाह उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत. तेव्हा अडवलेल्या पाण्यावर पहिला हक्क पिणाऱ्याचा आणि त्यानंतर पिकाचा, हा क्रम येथे कायद्याने सांगण्यापूर्वीच लोकांनी मानलेला होता. त्या पाण्यातल्या मासळीवर मात्र हक्क कोणाचा, आणि विशेषतः जाळे, होडी किंवा परवाना यांपैकी काहीही नसताना केवळ गळ आणि दोरी घेऊन काठावर बसणाऱ्या सामान्य माणसाचे त्यात स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही शतकांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा मागोवा घेताना असे दिसते की, काठावरच्या माणसाचा वाव पाण्याच्या मालकीमुळे जितका आकसला, त्याहून कितीतरी अधिक तो मासळीच्या पैदाशीच्या नव्या रीतीमुळे आकसला.

अडवलेल्या पाण्यातील मासळीचा विचार भारतीय राज्यशास्त्रात फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नव्या वस्त्या वसवण्याच्या प्रकरणात ‘सेतू’ची चर्चा येते, सेतू म्हणजे बांध घालून केलेला पाणीसाठा. अशा सेतूंतील मासे, तेथील नावा आणि तेथे उगवणारी हिरवी भाजी यांवर स्वामित्व राजाचे, असा तेथे स्पष्ट निर्वाळा आहे. त्याच ग्रंथात नावाध्यक्षाच्या, म्हणजे जलवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात मासेमारांनी आपल्या मिळकतीचा सहावा हिस्सा द्यावा असेही सांगितले आहे. बांधलेल्या पाण्यातील मासा ही राज्याची मिळकत आणि तो पकडणारा हा त्या मिळकतीतून आपला वाटा उचलणारा कारागीर, ही धारणा इतकी जुनी असल्याने पुढे इंग्रजी अमलात तलावांचे ठेके देण्याची पद्धत आली तेव्हा ती या भूमीला अगदीच अनोळखी वाटली नसावी.

सोलापूरच्या दृष्टीने मात्र खरा महत्त्वाचा काळ बारावे शतक. या प्रदेशावर तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेस. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला आणि राजाने कोणकोणत्या गोष्टींत मन रमवावे याचे विवेचन करताना त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाने गळाच्या मासेमारीवर स्वतंत्र प्रकरण घातले. माशांचे पस्तीसच्या आसपास प्रकार, त्यांतील समुद्राचे कोणते व नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, काठी आणि दोरी कशी असावी, याचा तपशील तेथे आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाचा अभ्यास करून ते जगाच्या नजरेस आणले. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ मध्ये निघाला, हे लक्षात घेता दख्खनच्या या प्रकरणाचे मोल ध्यानात येते. काठावर बसून, पाण्यात न उतरता, एका एका माशाच्या स्वभावाचा अंदाज घेत त्याला गळाला लावण्याची कला येथे साहेबाने आणली, हा समज त्याने पार मोडीत निघतो.

त्याच शतकात सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथे सिद्धराम हे शिवयोगी होऊन गेले. वचनकारांमध्ये त्यांचे स्थान मोठे आहे, आणि लोककल्याणार्थ तळे खोदणे हे त्यांच्या चरित्राचे सर्वांत ठळक कार्य मानले जाते. शहराच्या मध्यावर, भुईकोट किल्ल्याच्या शेजारी, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले सिद्धेश्वर मंदिर आणि भोवतीचे तळे त्या परंपरेशी जोडलेले असून, मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा आजही त्याच परिसरात होते. राजाचा मत्स्यविनोद आणि शिवयोग्याचे तळे एकाच शतकातील, एकाच राज्यसत्तेच्या छायेतील असावेत, ही गोष्ट सोलापूरच्या इतिहासकारांनी जितकी दखल घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. एकाच्या दृष्टीने पाणी हे कौशल्याचे आणि रंजनाचे क्षेत्र, दुसऱ्याच्या दृष्टीने ते तहानलेल्याची सोय. आणि पुढच्या सर्व काळात काठावरची मासेमारी या दोन दृष्टींच्या मध्येच कोठेतरी चालत राहिली.

देवस्थानाच्या पाण्यातील मासा मारू नये, हा संकेत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाळला गेला. महाड तालुक्यातील वाळण कोंड हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. देहू येथे इंद्रायणीच्या डोहातील माशांनाही असेच अभय होते. इंद्रायणी पुढे भीमेला मिळते आणि भीमा सोलापूर जिल्ह्यात येते, म्हणजे जो मासा देहूच्या डोहात देवाचा, तोच त्या हद्दीबाहेर पडल्यावर भोयाच्या जाळ्यातला. हा विरोधाभास त्या काळच्या माणसाला खटकत नसे, कारण बंदी माशावर नव्हती, जागेवर होती. डोहाचा अमुक भाग राखीव आणि बाकीची नदी मोकळी, ही वाटणी सर्वांना ठाऊक असे, आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारायला अख्खे गाव हजर असे. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर आज जे नियम करावे लागतात त्यांतील बहुतेकांचा गाभा हाच आहे.

मोकळ्या पाण्यात मासेमारी हा प्रामुख्याने भोई आणि कोळी यांचा व्यवसाय. भोई पालखी वाहत आणि नदीच्या उताराशी माणसे पैलतीरी नेत. पंढरपुरी चंद्रभागेत होड्या चालवण्याचे काम कोळ्यांकडे चालत आले. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली, पाठोपाठ रस्ते बांधले गेले, आणि पालखी-मेण्यांचा प्रवास जसजसा मागे पडला तसतशी भोई समाजाची भिस्त मासळीवर वाढत गेली. या लोकांजवळ माशांविषयीचे ज्ञान किती सूक्ष्म होते याचा पुरावा एका परक्या माणसाच्या लेखनात सापडतो. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने १८२४ ते १८३१ या काळात दख्खनमध्ये फिरून भीमा आणि तिच्या उपनद्यांतील मासे गोळा केले व त्यांवर लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेपुढे निबंध सादर केला. नव्या जातींना नावे देताना त्याने कित्येकदा काठावरच्या मासेमारांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उचलली, आणि म्हणूनच टॉर खुद्री, लेबिओ बोगट, गारा मुल्या यांसारख्या शास्त्रीय नावांत भीमाकाठचे मराठी शब्द आजही उभे आहेत. ज्यांनी ती नावे सांगितली त्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

या मासेमारीची साधने पाहिली तर काठावरचा आणि पाण्यात उतरणारा असा भेद स्पष्ट होतो. पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकणारा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहतो. जाळ्याची दोरी मनगटाला, जाळ्याचा काही घेर कोपरावर आणि कडेचा एक पदर दातांत धरून तो अंगाला पीळ देत जाळे असे सोडतो की, ते हवेतच पूर्ण उघडून पाण्यावर थाळीसारखे पडते आणि कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या त्याचा घेर सरळ तळाशी नेतात. ओढताना गोळ्या तळ घासत एकत्र येतात आणि मासे आत कोंडले जातात. गळाचा माणूस याच्या उलट कोरडा राहतो. बांबूची काठी, तिला बांधलेली दोरी, दोरीच्या मध्ये तरंगणारा भेंडाचा किंवा मोरपिसाच्या दांड्याचा तुकडा आणि टोकाला गळ, एवढाच त्याचा सरंजाम. गळाला गांडूळ किंवा कणकेची, पेंडीची गोळी. मरळीसाठी जिवंत बेडकी किंवा लहान मासा, कारण मरळ हलत्या भक्ष्यावर झडप घालते. भेंड किती खोलीवर बांधायचे हे कोणता मासा हवा यावर ठरते: कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. भेंड नुसते थरथरले तर मासा चाखतो आहे, आणि आडवे होऊन सरकू लागले तर त्याने तोंडात घेतले आहे, हा फरक ओळखण्यात सगळे कौशल्य. अशा रीतीने पकडलेल्या मासळीचे प्रमाण जाळ्याच्या मानाने नगण्य असते, आणि म्हणूनच जुन्या काळी गळाला कोणी धंदा मानले नाही. ती घरच्या कालवणापुरती सोय होती आणि ती कोणत्याही जातीच्या माणसाला खुली होती.

इंग्रजी अमलात या चित्राला पहिला मोठा धक्का दिला तो एकरुखच्या तलावाने. सीनेला मिळणाऱ्या अधिला नावाच्या ओढ्यावर, सोलापूरच्या ईशान्येस काही मैलांवर, १८६६ मध्ये मातीच्या धरणाचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. सरकारी कागदांत हा एकरुखचा तलाव, लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा. दोन्ही काठावरच्या गावांची नावे. सुमारे २,३६० मीटर लांबीचा आणि सुमारे एकवीस मीटर उंचीचा हा बांध आणि त्यामागे साठणारे सहा कोटी घनमीटरांच्या आसपासचे पाणी यांमुळे मुंबई इलाख्यातील तत्कालीन मोठ्या कृत्रिम तलावांत त्याची गणना झाली. हेतू सिंचनाचा होता. पण सोलापूर झपाट्याने वाढत होते. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ मध्ये सुरू झाली, त्यापाठोपाठ नरसिंग गिरजी मिलसारख्या गिरण्या आल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग भरून गेला, आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने विहिरींच्या भरवशावर शहर चालत नाही हे निर्विवाद सिद्ध केले. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच एकरुखचे पाणी नळाने शहरात खेळू लागले. शेतासाठी बांधलेला तलाव अशा रीतीने पिण्याचा झाला, आणि ज्या काठावर तोवर गुरे उतरत, धुणी होत आणि गळ पडत, त्या काठाकडे पाहण्याची नगरपालिकेची दृष्टी बदलली.

ही दृष्टी बदलण्यामागे निव्वळ सोवळेपणा नव्हता. दख्खनच्या पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा रोग पसरत असे; पायावरच्या फोडातून बाहेर येणारा हा दोरीएवढा लांब जंत पाण्यात आपली पिले सोडतो, ती सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरतात. म्हणजे रोगाची साखळी पिण्याच्या पाण्यात पाय बुडवण्याने पूर्ण होत असे. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला, तोवर ‘पिण्याच्या पाण्यात उतरू नका’ हा सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा राहिला. या कसोटीवर पाहिले तर गुडघाभर पाण्यात उभा राहणारा पागवाला आणि कोरड्या खडकावर बसणारा गळवाला यांत मोठाच फरक आहे. पण काठबंदीच्या सरसकट फलकाला तो फरक कळत नाही.

मुंबईत याच सुमारास या प्रश्नाचा एक वेगळा निकाल लागला. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) ही पिण्याच्या पाण्याची तळी बंदोबस्तात ठेवली गेली, तर १८९० च्या सुमारास बांधलेल्या पवईच्या तलावाचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो त्या कामातून बाद झाला आणि पुढे गळाच्या हौशी मासेमारांच्या संस्थेकडे गेला. पाणी पिण्याचे असेल तर गळ नाही, आणि गळ असेल तर पाणी पिण्याचे नाही, अशी सोपी विभागणी मुंबईला परवडली, कारण तिच्याजवळ तळी अनेक होती आणि पाऊस भरपूर होता. सोलापूरला असा पर्याय नव्हता. येथे एकाच पाण्याला तहान, पीक आणि कालवण या तिन्हींचा भार वाहावा लागला.

मासळीला कायद्याचे संरक्षण प्रथम मिळाले ते १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने. या कायद्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. विषाची ही रीत काल्पनिक नव्हती. उन्हाळ्यात डबके आटले की गेळफळ किंवा शेराचा चीक यांसारखी झाडपाल्याची विषे टाकून गुंगलेले मासे वेचण्याचा प्रकार पठारावर चालत असे. पिण्याच्या पाण्याचा आणि मासळीचा बचाव एकाच कलमाने होतो असा हा दुर्मीळ प्रसंग आहे, आणि पुढे १९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमातही विष आणि स्फोटके यांवरची बंदी कायम राहिली. गळाबद्दल मात्र १८९७ च्या कायद्याला विशेष काही म्हणायचे नव्हते, कारण त्याच्या दृष्टीने मासा हा अजून निसर्गाने वाढवलेला होता. त्याला समूळ नष्ट करू नका एवढेच सांगणे पुरेसे होते.

हे गृहीतक १९५७ मध्ये बदलले. कटला, रोहू आणि मृगळ हे भारतीय मोठे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत; त्यांना पावसाळ्यातील वाहत्या नदीचा पूर लागतो. त्यामुळे तलावात हे मासे हवे असतील तर त्यांची पिले नदीतून धरून आणून सोडावी लागत, आणि तो भरवशाचा मार्ग नव्हता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांना माशाच्या मेंदूलगतच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेण्यात यश आले. हा दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली आणि मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली जिऱ्याएवढी पिले, आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिले, विकत मिळू लागली. तलाव ठेक्याने घेणारी मच्छीमार सहकारी संस्था सरकारला रक्कम भरून तलावात बोटुकली सोडू लागली, आणि तलावातला मासा पेरलेल्या पिकासारखा झाला: ज्याने बियाणे टाकले त्याचेच पीक, आणि काठावरून त्याला हात लावणारा तो चोर.

काठावरच्या माणसाच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही धरणापेक्षा मोठा होता, पण त्याची नोंद मत्स्यविकासाच्या इतिहासात सहसा घेतली जात नाही. तेथे हेक्टरी उत्पादन, बीजाची संख्या आणि संस्थांची वाढ यांचे आकडे असतात, आणि ते रास्तही आहेत. भोई आणि कोळी समाजातील पारंपरिक मासेमारांना सहकारी संस्थेमुळे पहिल्यांदाच पाण्यावर लेखी हक्क मिळाला, सावकार-ठेकेदाराच्या कचाट्यातून अनेकांची सुटका झाली, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. बीजावर कर्ज काढून पैसा घातलेल्या संस्थेने आपल्या मासळीची राखण करावी यातही गैर काही नाही. परंतु ठेक्याचा करार जाळी, बीज आणि हप्ते यांच्या भाषेत बोलतो. घरच्या कालवणापुरता गळ टाकणाऱ्याची जुनी मुभा त्या भाषेत बसत नाही, आणि कोणी ती रद्द न करताच ती संपुष्टात येते.

ती पूर्णपणे संपली नाही याचे श्रेय एका परदेशी माशाला द्यावे लागते. मूळचा आफ्रिकेतील तिलापिया, ज्याला सोलापूर-पुणे पट्ट्यात सर्रास ‘चिलापी’ म्हणतात, १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणला गेला. चिलापीला ना पुराची गरज, ना टोचणीची. नर उथळ पाण्यात तळाला वाटीसारखी खळगी करतो, मादी तेथे अंडी घालून ती तोंडात उचलते आणि पिले स्वतंत्र होईपर्यंत तोंडातच सांभाळते. वर्षातून अनेकदा हे चक्र चालते. जलाशयात ती एकदा शिरली की पुन्हा बीज सोडावे लागत नाही, आणि स्थानिक माशांना ती हटवू लागते, म्हणून मत्स्यतज्ज्ञांचा तिच्यावर रोष आहे व तो साधार आहे. पण तिची वीण काठाच्या उथळ पाण्यात होते, ती कणकेच्या गोळीला सहज लागते, आणि तिची पिले कोणी विकत आणून सोडलेली नसतात. काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाच्या पिशवीत आज मुख्यतः चिलापी असते. संस्थेच्या रखवालदाराने कटल्यासाठी हटकले तरी चिलापीकडे तो पुष्कळदा काणाडोळा करतो, यामागचे अलिखित तर्कशास्त्र हेच आहे.

उजनीने या सर्व प्रश्नांना प्रचंड विस्तार दिला. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवरील धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंत सागर या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या तालुक्यांत पसरला आहे. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे, परंतु त्यातील जवळजवळ ६४ अब्ज घनफूट हा मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहणारे पाणी. गावे उठली, जमिनी गेल्या, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले आणि पाणी खूप ओसरले की ते पुन्हा दिसते. धरणग्रस्तांपैकी ज्यांची जमीन गेली पण पाणी समोर उभे राहिले, त्यांतील कित्येक मासेमारीकडे वळले, आणि त्यामुळे भोई-कोळ्यांचा व्यवसाय प्रथमच इतर समाजांशी वाटून घेतला गेला. भिगवण, इंदापूर येथे मासळीचे मोठे बाजार उभे राहिले, आणि मरळ, वाम, शिंगटा यांच्याबरोबर चिलापीच्या पाट्याच्या पाट्या तेथे येऊ लागल्या.

उजनीच्या काठाचे एक वैशिष्ट्य येथे समजून घेणे आवश्यक आहे. पठार सपाट असल्याने पाण्याची पातळी थोडी खाली गेली तरी काठ फर्लांग-फर्लांग मागे सरकतो. पावसाळ्याअखेर जेथे होडी चालते तेथे मे महिन्यात नांगर चालतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीला गाळपेर म्हणतात, आणि ती तात्पुरत्या लागवडीसाठी दिली जाते. म्हणजे जलाशयाचा काठ हा नकाशावरील रेषेसारखा स्थिर नसून तो एक मैलभर रुंदीचा, वर्षातून दोनदा हक्क बदलणारा पट्टा आहे. काठावरून मासेमारीस बंदी किंवा मुभा असे म्हणताना कोणता काठ, हा प्रश्न म्हणूनच येथे पुस्तकी राहत नाही.

त्यातच अलीकडच्या दशकांत दोन गोष्टींनी काठावरचा मासेमार, परवानाधारक आणि गळवाला दोघेही, अडचणीत आले. पहिली म्हणजे ‘वडाप’ या नावाने कुप्रसिद्ध असलेली बारीक आसाच्या जाळ्यांची मासेमारी, जिच्यात बोटुकलीसुद्धा सुटत नाही आणि जिच्याविरुद्ध स्थानिक मच्छीमारांनी वारंवार आवाज उठवला. दुसरी म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, जे मुळा-मुठा आणि भीमेतून थेट उजनीत येते, जलपर्णीला पोसते आणि नाजूक देशी माशांना हुसकावून चिलापीसारख्या काटक माशांना मोकळे रान देते. ज्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते त्या पाण्याला काठावरच्या गळापासून किती धोका आणि शंभर मैल वरच्या नाल्यांपासून किती, याचा हिशेब मांडल्यास बंदीच्या फलकांची जागा चुकली आहे हे मान्य करावे लागेल.

सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली. आज शहराला उजनीहून येणारी जलवाहिनी, भीमेवरील टाकळीची योजना आणि हिप्परगा अशा तीन वाटांनी पाणी मिळते, आणि ते पाकणी, सोरेगाव व भवानी पेठ येथील जलशुद्धीकरण केंद्रांतून जाते. या व्यवस्थेत जलाशयाची जमीन आणि पाणी जलसंपदा विभागाकडे, मासळी मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि त्याच्यामार्फत संस्थेकडे, पिण्याच्या पाण्याची जबाबदारी महानगरपालिकेकडे, अशी वाटणी झाल्याने काठ मात्र कोणाकडेच नाही. अमेरिकेत बॉस्टन शहराला पाणी पुरवणारा क्वॉबिन जलाशय १९४६ मध्ये भरला, तेथे काठाचे ठरावीक भाग गळाच्या मासेमारीस खुले आहेत, परंतु पाण्यात उतरणे व पोहणे निषिद्ध आहे आणि पाणी उचलण्याच्या जागेभोवतीचा परिसर राखीव आहे. न्यूयॉर्क शहरही आपल्या पिण्याच्या जलाशयांवर प्रवेशपत्र देऊन मासेमारीला परवानगी देते. देहूच्या डोहावर चालत आलेली रीत याहून फार वेगळी नव्हती: अमुक जागा राखीव, बाकी मोकळी, आणि राखीव कोठे संपते हे प्रत्येकाला ठाऊक.

हिप्परग्यावर अशी आखणी करायची झाल्यास ती काठापासून मोजून चालणार नाही, कारण काठ सरकतो. ती पाणी उचलण्याच्या विहिरीपासून मोजावी लागेल, म्हणजे तलाव भरलेला असो वा तळाला गेलेला, राखीव अंतर तेच राहील. दुष्काळी वर्षांच्या उन्हाळ्यात उरलेले थोडे पाणी त्या विहिरीच्याच आसपास गोळा होते, पंप, जाळी, गुरे आणि गळ हे सगळे एकाच डबक्याभोवती येतात, आणि तेव्हा गळासह सर्वांनाच दूर ठेवण्याचा अधिकार महानगरपालिकेला असणे रास्त आहे. इतर वेळी, राखीव अंतराबाहेर, पाण्यात न उतरता एका गळाने चिलापी पकडणाऱ्याला संस्थेने नाममात्र शुल्काचा पास द्यावा. त्याची रक्कम बीजावर खर्च होईल, रखवालदाराचा काणाडोळा नियमात येईल, आणि चिलापी जितकी काढली जाईल तितकी कटला-रोहूच्या बोटुकलीला जागा मिळेल.